धाकट्या वाद्याचा मान

काही वर्षांपूर्वी नाताळच्या गायनाची तयारी चालू असताना आमच्या गायनवृंदातील एक मुलगा युकुलेली घेऊन आला. गिटारचे पिल्लू वाटावे असे ते चार तारांचे वाद्य पाहून मी हसलो आणि म्हणालो, "बाळा, हे खेळणे घरी ठेव. देवळात ऑर्गन आहे." त्याने ते मुकाट्याने पिशवीत घातले. गायनाला तो येत राहिला. वाद्य मात्र त्याने पुन्हा आणले नाही. पुढे जेक शिमाबुकुरो या वादकाचे वादन मी लक्षपूर्वक ऐकले आणि माझेच वाक्य मला बोचू लागले. त्या बोचणीतून हे चार शब्द.

युकुलेली हवाई बेटांची म्हणून ओळखली जाते. तिचे मूळ मात्र पोर्तुगालच्या मदेरा बेटावरचे. ऑगस्ट १८७९ मध्ये 'रेव्हन्सक्रॅग' हे जहाज मदेरातील कुटुंबांना घेऊन होनोलुलू बंदरात आले. उसाच्या मळ्यात राबायला आलेली ही माणसे होती. त्यांच्यातील मानुएल नुनीस, जुझे दो एस्पिरितो सांतो आणि आगुश्तो दियश या तिघा सुतारांनी आपल्याकडचे छोटे तंतुवाद्य पुढे हवाईच्या कोआ लाकडात घडवले. राजा कालाकौआ यांनी त्याला राजाश्रय दिला. हवाईच्या भाषेत 'उकु' म्हणजे पिसू आणि 'लेले' म्हणजे उडी. म्हणून ही 'उड्या मारणारी पिसू', असा अर्थ सर्वसाधारणपणे सांगितला जातो. राणी लिलिउओकलानी यांनी मात्र त्याच नावाचा अर्थ 'इथे आलेली देणगी' असा लावला. पिसू की देणगी? या वाद्याचा पुढचा सारा इतिहास या दोन अर्थांमध्ये हेलकावे खात राहिला.

१९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील प्रदर्शनानंतर अमेरिकेत युकुलेलीचे वेड पसरले. स्वस्त, पुढे तर प्लॅस्टिकच्याही युकुलेली घरोघर आल्या. लोकप्रियता मिळाली, पण प्रतिष्ठा गेली. विनोदी गाण्यांची साथ करणारे, सहलीला न्यायचे वाद्य अशी तिची ख्याती झाली. हवाईत एडी कामाए आणि हर्ब ओहटा यांच्यासारख्या वादकांनी तिच्यावर एकल वादनाची परंपरा उभी केली होती. बाहेरच्या जगाला मात्र तिची फारशी दखल नव्हती. म्हणून शिमाबुकुरोंना या वाटेचे पहिले वाटसरू म्हणणे अन्यायाचे होईल. ती वाट जगाला दिसली, ती त्यांच्यामुळे.

शिमाबुकुरो यांचा जन्म १९७६ चा, होनोलुलूचा; घराणे जपानी वंशाचे. वयाच्या चौथ्या वर्षी आईने त्यांच्या हाती युकुलेली दिली. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका खडकावर बसून त्यांनी जॉर्ज हॅरिसन यांचे बीटल्सकालीन 'व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स' हे गीत वाजवले. ते चित्रण २००६ मध्ये इंटरनेटवर आले आणि लाखो लोकांनी पाहिले. आरंभी एकेक स्वर, मग खालून उमलत जाणारी साथ, मग बोटांचा पाऊस आणि अखेर पुन्हा शांतता, असा त्या वादनाचा प्रवास आहे.

येथे वाद्याच्या मर्यादा ध्यानात घ्यायला हव्यात. तारा चारच, त्याही नायलॉनच्या. चौथी तार खर्जाची असेल अशी आपली अपेक्षा असते. पण तीही उंच स्वराला लावलेली, म्हणून खर्ज जवळजवळ नाहीच. आवाका जेमतेम दोन सप्तकांचा. आणि छेडलेला स्वर लगेच विरतो. पंडित शिवकुमार शर्मा यांनी संतूरला शास्त्रीय मैफलीत आणताना त्या वाद्याच्या रचनेतच बदल केले. शिमाबुकुरोंनी तारा चारच राहू दिल्या. बदलला तो हात.

तरीही त्यांचे सारेच वादन मला सारखे भावत नाही. २०११ च्या 'पीस लव्ह युकुलेली' या संग्रहात त्यांनी 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे क्वीन या वाद्यवृंदाचे भव्य गीत एकट्याने वाजवले आहे. कसब अचाट आहे. श्रोते थक्क होतात. पण ते काय म्हणतात? "एवढ्याशा वाद्यावर एवढे!" हा खरा आदर नव्हे. या कौतुकाच्या पोटात कमीपणा दडलेला आहे. मी हसलो आणि ते थक्क झाले. मोजमाप मात्र दोघांचेही आकाराचेच.

याउलट २००६ च्या 'जेंटली वीप्स' या संग्रहातील 'आवे मारिया' ऐकावी. शुबर्टची ही रचना १८२५ ची. मुळात ती उपासनेसाठी नव्हतीच; वॉल्टर स्कॉट यांच्या काव्यातील एका मुलीची ती विनवणी. लॅटिन प्रार्थनेचे शब्द तिला पुढे जोडले गेले आणि ती देवळात आली. म्हणजे हे गीतही बाहेरून येऊन वेदीजवळ बसलेले! त्यातले लांब स्वर गायक श्वासाच्या बळावर धरून ठेवतो. युकुलेलीला श्वास नाही. शिमाबुकुरो मुख्य स्वर छेडतात आणि खाली साथीचे स्वर हलकेच पेरत जातात. विरलेला स्वर आपल्या कानात चालूच राहतो. स्वर विरणे हा वाद्याचा दोष, पण येथे तोच प्रार्थनेचा संकोच होतो. ऐकताना वाद्य लहान की मोठे, हा प्रश्नच मनात येत नाही. आकाराचा विसर पडणे, हाच वाद्याला मिळालेला खरा मान.

समीक्षकाने आधी ऐकावे, मग बोलावे. मी उलट केले होते. गेल्या नाताळापूर्वी तो मुलगा भेटला. आता तो नोकरीला लागला आहे. "तुझी युकुलेली कुठे आहे?" मी विचारले. "धाकट्या बहिणीला दिली, फादर." मी म्हणालो, "मग तिला रविवारी तालमीला पाठव. आणि वाद्य घेऊन ये म्हणावे."

ती आली. तिने वाजवले तेव्हा मी शेवटच्या बाकावर बसलो होतो, आणि काही बोललो नाही.