‘सात-आठ घन इंच’ : लाव्हाझिएच्या ग्रंथातील मापनाची भाषा

आंत्वान लाव्हाझिए याचा ‘त्रेते एलेमांतेअर द शिमी’ हा रसायनशास्त्राचा प्राथमिक ग्रंथ १७८९ साली पॅरिस येथे प्रसिद्ध झाला. शास्त्राच्या इतिहासकारांनी त्याची चर्चा विपुल केली आहे; पण भाषेच्या अभ्यासकालाही या ग्रंथाची दखल घेणे प्राप्त आहे. प्रस्तावनेत ग्रंथकाराने तत्त्वज्ञ कोंदियाक याचा आधार घेऊन असे प्रतिपादिले आहे की, वस्तुस्थिती, तिच्याविषयीची कल्पना आणि ती कल्पना वाहून नेणारा शब्द ही परस्परांपासून वेगळी काढता येत नाहीत. म्हणून भाषा सुधारल्यावाचून शास्त्र सुधारणार नाही. एखाद्या शास्त्रीय ग्रंथाने स्वतःच्या भाषेची जबाबदारी इतक्या उघडपणे पत्करावी, ही गोष्ट विरळाच. त्याने स्वतः घालून दिलेल्या या कसोटीवरच त्याचा ग्रंथ तपासून पाहणे न्याय्य होईल.

ही कसोटी सामान्यतः नामकरणाला लावली जाते. गितों द मोर्व्हो, बर्तोले व फूरक्र्वा यांच्यासह लाव्हाझिएने १७८७ साली नवी रासायनिक नामपद्धती सिद्ध केली. नावावरून द्रव्याची घडण कळावी, हे तिचे तत्त्व होय. मात्र तिच्यातील सर्वांत प्रसिद्ध नावच फसले. ‘ऑक्सिजन’ म्हणजे अम्लजनक. सर्व अम्लांत हे द्रव्य असतेच, हा समज त्या नावात गोठविला गेला. आणि मीठापासून मिळणाऱ्या अम्लात ऑक्सिजन नाही, हे १८१० साली डेव्हीने दाखविल्यानंतरही नाव तसेच राहिले. मराठीतील ‘प्राणवायू’ हा शब्द लाव्हाझिएने मागे टाकलेल्या ‘जीवनदायी हवा’ या अर्थाच्या जुन्या नावाशी जुळतो, आणि निदान या चुकीपासून तरी मुक्त आहे. परंतु नाव फसले म्हणून शास्त्र अडले नाही. व्युत्पत्ती विसरली जाते व शब्द केवळ खूण म्हणून उरतो, हा भाषेचा नेहमीचाच व्यवहार आहे.

खरा प्रश्न नामांचा नसून संख्यांचा आहे. लाव्हाझिएने नामांची भाषा सुधारली. संख्यांचीही एक भाषा असते, याकडे मात्र त्याचे लक्ष सारखे राहिलेले दिसत नाही. याच ग्रंथातील दोन स्थळे शेजारी ठेवली म्हणजे हे स्पष्ट होते.

पहिले स्थळ पाऱ्याच्या सुप्रसिद्ध प्रयोगाचे. बंदिस्त हवेच्या संपर्कात पारा बारा दिवस तापविला. आरंभी सुमारे ५० घन इंच असलेली हवा त्याच तापमानाला व दाबाला ४२ ते ४३ घन इंच भरली. पाऱ्यावर जमलेले तांबडे भस्म ४५ ग्रेन निघाले. ते अधिक तापविले असता ४१॥ ग्रेन पारा व सात-आठ घन इंच वायू मिळाला. येथे दोन मापने दोन निरनिराळ्या भाषांत सांगितली आहेत. तराजूने जे अर्ध्या ग्रेनापर्यंत दिले, ते अर्ध्या ग्रेनापर्यंत नोंदले. वायूचे आकारमान जेवढे सैल हाती आले, तेवढेच सैल लिहिले. आजच्या अणुभारांनी हिशेब केला तर ४५ ग्रेन भस्मापासून सुमारे ४१.७ ग्रेन पारा मिळावयास हवा. वजनाचा आकडा खरा ठरतो; आणि ‘सात-आठ’ हा शब्दप्रयोगही तितकाच खरा ठरतो, कारण नाहीशी झालेली हवाही ५० मधून ४२ ते ४३ वजा जाता तेवढीच होती.

दुसरे स्थळ किण्वनाच्या प्रकरणातील. क्रियेच्या आधी व नंतर द्रव्याची राशी समानच असते, हे प्रयोगविद्येचे अधिष्ठान ग्रंथकार याच प्रकरणात सांगतो. त्याच्या पुष्टीसाठी दिलेल्या कोष्टकात ४०० पौंड पाणी, १०० पौंड साखर व १० पौंड ओले यीस्ट आहे. त्या यीस्टची फोड अशी : पाणी ७ पौंड ३ औंस ६ ग्रो ४४ ग्रेन, कोरडे यीस्ट २ पौंड १२ औंस १ ग्रो २८ ग्रेन. तत्कालीन फ्रेंच पौंडात ९२१६ ग्रेन असत. तेव्हा दहा पौंडांत एका ग्रेनाची हमी म्हणजे ब्याण्णव हजारांत एका भागाची हमी होय. पण प्रत्यक्ष प्रयोग काही थोड्या पौंड साखरेवरच झाला होता. तुलनेच्या सोयीसाठी आकडे शंभर पौंडांवर नेले, एवढी काटेकोर अचूकता अशा प्रयोगात शक्य नाही, परंतु गणिताने दिलेले अपूर्णांक तसेच ठेविले, अशी कबुली ग्रंथकार स्वतःच देतो.

ही कबुली त्याच्या सचोटीची साक्ष आहे, यात शंका नाही. तथापि तिने दोष निवारण होत नाही. कबुली एका वाक्यात आहे, आकडे पानभर आहेत. आणि वाचकाच्या मनावर ठसतात ते आकडेच. वरील दोन रकमांची बेरीज एक ग्रेनही न चुकता दहा पौंड होते. पण ती तशी होते याचे श्रेय अंकगणिताचे आहे, तराजूचे नव्हे. जो विचार शब्दाने वस्तुस्थितीपलीकडे बोलू नये असे म्हणतो, त्याने संख्येलाही तोच नियम लावावयास हवा होता.

हा दोष केवळ ऐतिहासिक नाही. गणकयंत्राने दिलेले आठ अंक जसेच्या तसे वहीत उतरविणारा विद्यार्थी लाव्हाझिएचीच चूक करतो, फक्त कबुली न देता. ब्यूरेटवरील १८.४ व १८.४० ही वाचने गणितात समान आहेत, विधाने म्हणून भिन्न आहेत; दुसऱ्यातील शून्य ‘येथपर्यंत मी पाहिले आहे’ असे सांगते. सार्थ अंकांचा पाठ म्हणजे गणिताचा पाठ नव्हे. तो संख्येच्या व्याकरणाचा पाठ आहे, आणि तसाच तो शिकविला गेला पाहिजे.

या कामी मराठी भाषा मुळीच दरिद्री नाही. ‘सात-आठ’, ‘दहाबारा’, ‘वीसेक’, ‘शंभरेक’ हे आपल्या नित्य बोलण्यातील प्रयोग आहेत. संख्येची सैलाई दाखविण्यासाठी भाषेने घडविलेली ही व्याकरणिक साधने होत. मोजलेल्या ‘वीस’मध्ये आणि अंदाजलेल्या ‘वीसेक’मध्ये कोणताही मराठी भाषिक गल्लत करीत नाही. प्राथमिक पाठ्यपुस्तके मात्र ही रूपे घरगुती म्हणून वर्ज्य मानतात आणि अनिश्चितता हा विषय एखाद्या परक्या, जड संज्ञेपासून सुरू करतात. विद्यार्थ्याला जे बोलीत आधीच अवगत आहे, तेच त्याला दुर्बोध वाटू लागते. प्रयोगवहीत अर्थातच ‘वीसेक मिलिलिटर’ असे लिहून भागणार नाही; तेथे सैलाईची मर्यादाही अंकांनीच सांगावी लागते. पण त्या अंकांकडे जाण्याची वाट ‘वीसेक’वरून जाते.

‘त्रेते’चे थोरपण सामान्यतः त्याच्या नव्या नावांत व काटेकोर कोष्टकांत पाहिले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते ते त्या ‘सात-आठ घन इंचां’त अधिक आहे. तेथे ग्रंथकाराची भाषा त्याच्या उपकरणापुढे एक पाऊलही गेलेली नाही, आणि प्रस्तावनेतील प्रतिज्ञा तेथेच खऱ्या अर्थाने पाळली गेली आहे.