वाक्याची कर्ती आणि वाचनाबाहेरची स्त्री : ‘भावप्रकाशा’तील गर्भनिरोधाचे श्लोक

भावमिश्रांच्या ‘भावप्रकाश’ या सोळाव्या शतकातील वैद्यकग्रंथाच्या योनिरोगाधिकारात गर्भधारणा टाळण्याचे काही योग येतात. एका श्लोकात पिंपळी, वावडिंग आणि टाकणखार यांचे समभाग चूर्ण ऋतुकाळी दुधातून घ्यावे असे आहे. दुसऱ्यात जास्वंदीची फुले कांजीत वाटून, मूठभर जुन्या गुळाच्या जोडीने तीन दिवस खाणारीला गर्भ राहत नाही असे सांगितले आहे. या श्लोकांकडे सामान्यतः दोन दृष्टींनी पाहिले जाते. एका दृष्टीला त्यांत प्राचीन विज्ञानाचा पुरावा दिसतो, दुसरीला भाबडी समजूत. दोन्ही दृष्टी श्लोकातून औषध तेवढे उचलतात. संहिता वाचायची राहूनच जाते.

औषधाचा निवाडा प्रयोगशाळेचा आहे. पहिल्या योगाच्या आधुनिक काळात चिकित्सालयीन चाचण्या झाल्या, जास्वंदीच्या अर्काचे प्राण्यांवर प्रयोग झाले. तरी यांपैकी कोणताही उपाय भरवशाचे गर्भनिरोधक म्हणून प्रस्थापित झालेला नाही, आणि टाकणखार पोटात घेणे निर्धोकही नाही. मात्र योग निष्फळ ठरला म्हणून त्या विधानाची रचना निरर्थक ठरत नाही.

ही रचना लक्षणीय आहे. दोन्ही श्लोकांत स्त्रीलिंगी संबंधी सर्वनाम कर्त्याच्या जागी आहे. पहिल्यात क्रियापद विध्यर्थी आहे, दुसऱ्यात वर्तमानकाळी. कृती करणारी स्त्री आहे. पतीची अनुमती, कुळाची इच्छा वा कृतीचे कारण यांना वाक्यात स्थान नाही. जास्वंदीच्या श्लोकात तिला ‘पुष्पिणी’ म्हटले आहे. रजस्वलेचे हे रूढ नाव फुलाशेजारी येताच श्लोकात एक सूक्ष्म विरोध निर्माण होतो : पुष्पवतीने पुष्प खावे आणि फळ टाळावे.

या कर्तृत्वाचे मोल मात्र जपून ठरवावे लागते. अशी वाक्यरचना वैद्यकीय योगांत सर्वत्र आढळते. केवळ व्याकरणाच्या आधारे स्त्रीस्वातंत्र्य सिद्ध होत नाही. तरीही ही सर्वसामान्यताच अर्थपूर्ण आहे. ‘चरकसंहिते’च्या पन्नास महाकषायांत प्रजास्थापनाचा गण आहे, प्रजानिरोधाचा नाही. ‘भावप्रकाशा’त मात्र गर्भ राहावा म्हणून सांगितलेले योग आणि तो राहू नये म्हणून सांगितलेले योग एकाच अधिकारात नांदतात. अपत्य नको असलेली स्त्री येथे पापिणी ठरत नाही; उपचार शोधणाऱ्या इतर कुणासारखीच ती एक ठरते.

या श्लोकांमागे सुइणींची, घराघरांतील स्त्रियांची लुप्त विद्या असावी, असे अनुमान स्त्रीवादी वाचनाला मोहवते. ते संभाव्य आहे. पण संहितेत सुईण बोलत नाही. तिच्या मौनात आपले शब्द भरणे म्हणजे तिला दुसऱ्यांदा गप्प करणे होय. श्लोक एवढेच दाखवतो की या वाक्याची कर्ती स्त्री आहे, वाचक नाही. ज्या संस्कृतात तिला हा उपाय सांगितला गेला, ती भाषा बहुसंख्य स्त्रियांच्या हाती नव्हती. ज्ञान तिच्याविषयी होते, तिच्याकडे जाण्यासाठी मात्र त्याला वैद्याचे मुख लागत होते.

या पार्श्वभूमीवर र. धों. कर्वे यांच्या कार्याचा वाङ्मयीन अर्थ उलगडतो. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि 1927 पासून 1953 पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. त्यांनी साधने बदलली, हे तर उघडच आहे; अधिक मूलगामी बदल भाषेचा होता. श्लोकाने न दिलेली कारणे, म्हणजे आरोग्य, दारिद्र्य, स्त्रीचे सुख, कर्व्यांच्या मराठी गद्याने उघड मांडली. संस्कृतात बंदिस्त असलेल्या योगाने कुणाची झोप उडवली नव्हती. मराठीत आलेल्या विचारावर अश्लीलतेचे खटले झाले. आक्षेप केवळ विषयाला असता, तर तो ‘भावप्रकाशा’लाही घ्यावा लागला असता. समाजाला खुपली ती वाचणारी स्त्री.

म्हणून आज जेव्हा हे योग परंपरेचा गौरव म्हणून पुन्हा मांडले जातात, तेव्हा त्यांच्या गुणाइतकाच त्यांच्या संबोधनाचा प्रश्न विचारला पाहिजे : हे वाक्य स्त्रीविषयी आहे, की स्त्रीशी आहे?