‘वैयक्तिक फाइली’ म्हणजे नेमके काय?

१४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० या कार्यप्रणालीसाठी मोफत सुरक्षा-सुधारणा देणे कंपनीने सर्वसाधारणपणे थांबवले. त्यामुळे शाळेचा संगणक-कक्ष सांभाळणाऱ्या शिक्षकापुढे जुनाच प्रश्न उभा राहतो : सारे पुसून नवी प्रणाली बसवावी, की आहे तिच्यावरच विंडोज ११ चढवावी? (यंत्र नव्या प्रणालीच्या अटींत बसते, असे येथे गृहीत धरू.)

दुरुस्ती करणाऱ्याचे ठरलेले उत्तर असते : ‘फॉरमॅट मारा.’ त्याला इतिहास आहे. विंडोज ९५, ९८च्या काळी नवी प्रणाली जुन्या फाइलींवरच पसरली जाई व बराच कचरा मागे राही. २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टापासून मात्र पद्धत बदलली. प्रणालीची संपूर्ण प्रत नव्याने मांडली जाते, जुनी ‘विंडोज.ओल्ड’ फोल्डरमध्ये सरकवली जाते आणि मग प्रोग्रॅम व मांडणी नव्या घरात आणली जाते. विंडोज ११मध्ये साधारणपणे १० दिवसांत माघारीही जाता येते. तेव्हा ‘चढवलेली प्रणाली कच्चीच’ हे मत आज सरसकट मान्य करता येत नाही. अर्थात सामानाबरोबर सदोष ड्रायव्हर आणि नको ते प्रोग्रॅमही येऊ शकतात.

आमचा खरा आक्षेप वेगळा आहे. पडद्यावर तीन पर्याय येतात : फाइली व प्रोग्रॅम ठेवा, केवळ वैयक्तिक फाइली ठेवा, काहीच ठेवू नका. दुसरा पर्याय निर्धोक वाटतो. पण आपल्याकडच्या कितीतरी जुन्या प्रश्नपत्रिका युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेल्या आहेत. या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार बसवलेले असतात. फॉन्टची जागा विंडोजच्या फोल्डरात. तो ‘वैयक्तिक’ गणला जात नाही. परिणामी फाइल वाचते, पण मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची निरर्थक खिचडी दिसते. पर्यायाचे शब्द याची काहीच सूचना देत नाहीत.

म्हणून आमचे मत असे : यंत्र निरोगी असेल तर चढवावे, व्हायरस शिरला असेल तर पुसून बसवावे. दोन्ही वेळी फाइलींबरोबर फॉन्टचीही प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. पुढे सवडीने मजकूर युनिकोडमध्ये आणावा. तेथे देवनागरीसाठी १२८ क्रमांकांचा स्वतंत्र गट आहे.

आणि पुसण्याआधी एक प्रयोग करा. त्या डिस्कवरून एक जुनी प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडा. वाचता आली, तरच पुढे जा.