रोजनिशीने समाज पुढे जातो काय?

कोणतीही नवी गोष्ट आली की आपल्या समाजात तिच्याविषयी दोन टोकाची मते लगेच तयार होतात. साध्या माणसांनी इंटरनेटवर आपले रोजचे जगणे लिहायला सुरुवात केली, तेव्हाही हेच घडले. एक बाजू म्हणाली, आता ज्याला त्याला आवाज मिळाला. संपादकाची चाळणी नाही, प्रकाशकाची मेहेरबानी नाही. समाज पुढे गेला. दुसरी बाजू म्हणाली, काय रांधले, कुठे गेलो, कोणावर रुसलो हे लिहून कोणाचे भले होणार? आम्हाला दोन्ही मते घाईची वाटतात. प्रत्यक्षात काय लिहिले गेले आणि त्यानंतर काय घडले, हे पाहिल्याशिवाय निकाल देणे बरे नव्हे. म्हणून आम्ही उर्दूतल्याच एका रोजनिशीपासून सुरुवात करतो.

३ जानेवारी २००९ पासून बीबीसी उर्दूच्या संकेतस्थळावर स्वात खोऱ्यातील एका शाळकरी मुलीची रोजनिशी येऊ लागली. नाव होते 'गुल मकई', पश्तो लोककथेतील नायिकेचे. लिहिणारी अकरा वर्षांची होती. १५ जानेवारीनंतर मुलींच्या शाळा बंद, असे फर्मान तालिबानने काढले होते. आज सारे जग तिला मलाला युसूफझई म्हणून ओळखते. २०१२ मध्ये तिच्यावर झालेला गोळीबार आणि २०१४ चा नोबेल शांतता पुरस्कार सर्वांना ठाऊक आहे. पण ती मूळ रोजनिशी मात्र फार थोड्यांनी वाचली आहे. आम्ही ती वाचली तेव्हा जाणवली ती तिची साधी नजर. वर्गात सत्तावीसपैकी अकराच मुली आल्या, ही नोंद एखादा शिक्षक हजेरीपटात करतो तशी ती करते. रंगीत कपडे घालून येऊ नका अशी सूचना मिळते, त्याबद्दल ती लिहिते. हिवाळ्याची सुट्टी जाहीर होते, पण शाळा पुन्हा केव्हा उघडणार ती तारीख या वेळी सांगितली जात नाही, हे तिच्या लक्षात येते. ज्याने कधी वर्गावर शिकवले आहे त्याला या एका नोंदीचे वजन कळेल. सुट्टी लागली आणि मुली खूश नाहीत! स्त्रीशिक्षणावरच्या दहा व्याख्यानांत जे सांगता येत नाही ते यात आले आहे.

एवढी दाद दिल्यावर कठोर प्रश्न विचारायला हवा. या रोजनिशीने शाळा उघडली का? नाही. फर्मान ठरल्या दिवशी लागू झाले. फेब्रुवारीत थोडी सवलत मिळाली ती समझोत्यामुळे. मार्चमध्ये रोजनिशी थांबली. मग लष्करी कारवाई झाली, लाखो लोक बेघर झाले, मलालाचे कुटुंबही त्यांत होते, आणि त्यानंतर शाळा सुरू झाल्या. पुढे २०२१ मध्ये शेजारच्या अफगाणिस्तानात तालिबान पुन्हा सत्तेवर आले आणि सहावीनंतरचे वर्ग मुलींना बंद झाले. एव्हाना जगातल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या भाषेत मलालाचे नाव पोहोचले होते, तरी ते थांबले नाही. लिहिले म्हणजे बदलले, असे मानणाऱ्यांनी यावर विचार करावा.

दुसरी गोष्टही ध्यानात घेण्यासारखी आहे. हा आवाज एकटा नव्हता. वडील शाळा चालवत होते. मजकूर बातमीदारामार्फत पोहोचत होता आणि संपादकांच्या हातून जात होता. आधी त्याच शाळेतली दुसरी एक मुलगी लिहिणार होती, तिला घरच्यांनी भीतीपोटी थांबवले. म्हणजे जिच्या पाठीशी बाप उभा राहिला तिची रोजनिशी जगाने वाचली, आणि जिच्या घरी धीर पुरला नाही ती गप्प राहिली. संपादकाशिवाय, संस्थेशिवाय, घराच्या परवानगीशिवाय प्रत्येकाला आवाज मिळाला, हा दावा इथेच लंगडा पडतो.

बगदादच्या 'रिव्हरबेंड'चे उदाहरणही असेच आहे. ऑगस्ट २००३ मध्ये चोवीस वर्षांच्या एका इराकी तरुणीने या टोपणनावाने इंग्रजीत 'बगदाद बर्निंग' ही रोजनिशी सुरू केली. युद्धापूर्वी ती संगणकाचे काम करीत होती; ती नोकरी गेली होती. वीज किती तास आली, पाणी आले की नाही, भावाला सोबत घेतल्याशिवाय घराबाहेर का पडता येत नाही, असे तिचे विषय होते. त्या काळात अमेरिकेने नेमलेल्या नियामक मंडळाने १९५९ चा कुटुंब कायदा बाजूला सारणारा ठराव क्रमांक १३७ मंजूर केला. इराकी स्त्रियांना त्या कायद्याने बरेच संरक्षण दिले होते. रिव्हरबेंडने या ठरावावर जानेवारी २००४ मध्ये निर्भीडपणे लिहिले. काही आठवड्यांतच ठराव मागे घेतला गेला. पण तो मागे गेला तो इराकमधल्या स्त्रिया संघटना करून रस्त्यावर उतरल्या म्हणून. रोजनिशी त्या लढ्याची साक्षीदार होती. २००७ मध्ये तिने कुटुंबासह देश सोडला. २०१३ मध्ये एकदाच पुन्हा लिहिले आणि ती गप्प झाली. जानेवारी २०२५ मध्ये इराकी संसदेने तोच १९५९ चा कायदा पंथानुसार पर्याय देणाऱ्या दुरुस्तीने सैल केला. शब्द राहिले, संरक्षण ढिले झाले.

मग हे लेखन व्यर्थ म्हणायचे का? तसे आम्हाला वाटत नाही. त्यासाठी आपल्याच परंपरेकडे पाहावे लागेल. १८९८ मध्ये लाहोरला मुहम्मदी बेगम यांच्या संपादनाखाली 'तहजीब-ए-निस्वां' हे साप्ताहिक निघाले. त्यात परद्यातल्या बायका घरातल्या गोष्टी लिहीत. अनेकींना आपले नाव छापता येत नसे. जाहिदा खातून शेरवानी यांच्यासारखी कवयित्री 'जे खे शीन' एवढ्या आद्याक्षरांमागे राहिली. तेव्हाही थोरामोठ्यांनी नाक मुरडले होते. पण १९०४ मध्ये अलिगढला शेख अब्दुल्ला यांनी 'खातून' मासिक काढले आणि १९०६ मध्ये त्यांनी व वहीद जहाँ बेगम यांनी तिथेच मुलींची शाळा उघडली. मासिकाने मन तयार केले, शाळेने ते काम पुढे नेले. आपल्या महाराष्ट्रात क्रम उलटा दिसतो. जोतिराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ताबाईचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त आला. इथे शाळा आधी, लेखन मागून. क्रम कोणताही असो, लेखन आणि संस्था एकमेकींचा हात धरून चालल्या तेव्हाच समाज हलला.

आता नावाचा प्रश्न. आजी-पणजींना नाव लपवावे लागे. आज आमच्या मुली स्वतःच्या नावाने, स्वतःच्या छायाचित्रासह लिहितात. ही प्रगती आहे, यात शंका नाही. पण जुलै २०२१ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२२ मध्ये काय झाले ते विसरून चालणार नाही. इंटरनेटवर उघडपणे बोलणाऱ्या, लिहिणाऱ्या मुसलमान स्त्रियांची छायाचित्रे उचलून त्यांचा खोटा 'लिलाव' मांडणारी ॲप तयार करण्यात आली. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांनी अटकही केली. पण आम्हाला काळजी वाटते ती त्यानंतर आपल्या घराघरांत झालेल्या बोलण्याची. 'म्हणून सांगत होतो, फोटो टाकू नकोस, लिहू नकोस.' गुन्हा करणारा बाहेरचा आणि तोंड बंद झाले ते आपल्या मुलीचे! ज्या समाजात लिहिणाऱ्या मुलीवर हल्ला झाला की मुलीलाच गप्प केले जाते, तिथे किती जणी लिहितात ही मोजणी प्रगतीचे माप होऊ शकत नाही. हल्ल्यानंतर किती जणी लिहीत राहिल्या आणि किती घरे त्यांच्या पाठीशी राहिली, ते माप खरे.

आम्ही उर्दू माध्यमात शिकवतो. आमच्या मुली मोबाइलवर रोज काही ना काही लिहितात. उर्दू बोली, रोमन अक्षरे, मध्ये मराठी. त्याला उत्तर काय येते? 'माशाअल्लाह', नाहीतर लाल बदाम. पण एखादी लिहिते की, 'दहावीनंतर कॉलेज लांब आहे, अब्बा नको म्हणतात.' त्यावरही तोच बदाम येतो. तिथे हवी असते ती बसची वेळ सांगणारी, वसतिगृहाचा अर्ज आणून देणारी, अब्बांशी दोन शब्द बोलणारी व्यक्ती. बदाम मिळाला की आपले कर्तव्य झाले असे सर्वांना वाटते, आणि मुलगी घरीच राहते. या माध्यमाचा खरा धोका आम्हाला हाच दिसतो. दुःख सांगितल्याचे समाधान मिळते आणि दुःख दूर करण्याची निकड कमी होते.

म्हणून आमचे मत थोडक्यात असे. रोजचे खाजगी लेखन ही सामाजिक प्रगती नव्हे. ती प्रगतीची हजेरी आहे. कोण आले, कोण गैरहजर, हे ती सांगते. गैरहजर मुलीच्या घरी जाण्याचे काम हजेरीपट करीत नाही, ते शिक्षकाला करावे लागते. पण हजेरीच घेतली नाही, तर कोण हरवले तेही कळणार नाही. तेव्हा मुलींच्या त्या नोंदींना कोणी क्षुल्लक म्हणू नये. आपल्या वार्षिकांनी त्यांना दोन पाने द्यावीत, शिक्षकांनी भाषा सुधारण्याच्या नादात त्यातला जीव काढू नये. आणि ज्यांनी त्या वाचल्या, त्यांनी नुसती दाद देऊन उठू नये. वाचणाऱ्याने उठून काही केले, तर त्या दिवशी आम्हीही म्हणू की, समाज पुढे गेला.