मधला फोटो कुठे आहे?

डावीकडे ‘आधी’, उजवीकडे ‘नंतर’, मध्ये एक पांढरी रेघ. चेहऱ्यावरच्या मोठ्या रोमछिद्रांवर लेसर करून देणाऱ्या जवळपास प्रत्येक क्लिनिकच्या पानावर ही जोडी दिसते, मग ते क्लिनिक लंडनमधलं असो, न्यू जर्सीतलं, दुबईतलं किंवा पुण्यातलं. पॉडकास्टमध्ये फोटो दाखवता येत नाही, म्हणून तिच्याबद्दल इथे लिहितेय. मला ही जोडी जाहिरातीपेक्षा गोष्ट सांगायचा एक प्रकार म्हणून जास्त इंटरेस्टिंग वाटते. तिचे संकेत ठरलेले, शेवट ठरलेला, आणि मधलं एक पान कायम फाडलेलं.

आधी उजेडाचं बघू. छिद्र म्हणजे एक बारीक खळगा. खळगा दिसतो तो त्याच्यात पडलेल्या सावलीमुळे. दिवा बाजूने आला की प्रत्येक खळग्यात सावली बसते आणि गाल संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. तोच दिवा समोरून, सपाट लावा, सावल्या गायब. कॅमेऱ्यावर आणि दिव्यावर पोलरायझिंग फिल्टर एका विशिष्ट कोनात लावले तर तेलकट चमकही नाहीशी होते. हसलं की गालाची कातडी ताणली जाते, छिद्रांचा आकार बदलतो. आता अशी कुठलीही जोडी उघडून बघा: ‘आधी’मधली बाई गंभीर, ‘नंतर’मधली किंचित हसरी. दरवेळी कोणी मुद्दाम फसवतंय असं मी म्हणत नाही. चार आठवड्यांनी पेशंट खुश असेल तर हसणारच. पण आपण फरक मोजतोय तो त्वचेचा की दिव्याचा, हे फोटो सांगत नाही.

शब्दांचंही तसंच. भारतातल्या क्लिनिकमध्ये या तक्रारीला सर्रास ‘ओपन पोअर्स’ म्हणतात. इंग्लंड-अमेरिकेत ‘एनलार्ज्ड’, म्हणजे मोठी झालेली. ‘ओपन’ हा शब्द जास्त चलाख आहे. उघडं म्हटलं की कोणीतरी दार उघडं टाकून गेल्यासारखं वाटतं, आणि दार म्हटलं की ते लावता येणारच. खरं तर सगळीच छिद्रं उघडी असतात, त्यांचं कामच ते. केस आणि त्वचेचं तेल तिथूनच बाहेर येतं. छिद्राभोवती त्याला मिटवणारा स्नायू नसतो, त्यामुळे वाफेने ती ‘उघडत’ नाहीत आणि बर्फाने ‘बंद’ होत नाहीत. ती मोठी दिसतात याची कारणं साधी आहेत: तेल जास्त, आजूबाजूच्या त्वचेची लवचिकता कमी (वय आणि ऊन), आणि मुळातली ठेवण, जी आई-बाबांकडून येते. गंमत म्हणजे मराठीत एखादी गोष्ट मनापासून आवडली की ती ‘रोमारोमांत भिनते’, अंगावर ‘रोमांच’ उभे राहतात. रोम हा आपल्याकडे अनुभव घेणारा अवयव आहे. तोच मोबाइलच्या कॅमेऱ्यात ‘नाकावरची भोकं’ होतो.

मग लेसर नेमकं काय करतं? १९८३ मध्ये रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी ‘सायन्स’मध्ये एक कल्पना मांडली: प्रकाशाची लांबी आणि झोताचा वेळ नीट निवडला, तर त्वचेतली एकच गोष्ट तापवता येते. रक्तवाहिनी, किंवा रंगद्रव्य. बाकीचं शाबूत. पण छिद्राला स्वतःचा असा रंग नाही, नेम धरायला तिथे काही नाही. म्हणून छिद्रांसाठी बहुतेकदा वापरतात ती वेगळी पद्धत, जी डिटर मॅनस्टाइन, अँडरसन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडली. तिला फ्रॅक्शनल म्हणतात. इथे किरणांचं लक्ष्य असतं त्वचेतलं पाणी. गालात उष्णतेचे हजारो सूक्ष्म खांब रोवले जातात, दोन खांबांमधली त्वचा तशीच सोडली जाते, आणि ती निरोगी त्वचा जखमी भाग भरून काढते. पुढच्या काही महिन्यांत नवं कोलॅजन बनतं, त्वचा थोडी घट्ट होते, छिद्राच्या कडा आत ओढल्या जातात.

म्हणजे छिद्रावर कोणी नेम धरलेलाच नाही. संपूर्ण गालाला मोजून-मापून इजा केली जाते, आणि दुरुस्तीच्या ओघात छिद्रं थोडी लहान दिसतात. हे काम करतं का? काही प्रमाणात, हो. साधारण महिन्याच्या अंतराने काही सेशन्स, आणि मग डोळ्याला जाणवेल इतका फरक पडू शकतो. तेल थांबत नाही, वय थांबत नाही, त्यामुळे तो कायमचा धरून चालू नये. यावरचे बरेच अभ्यास दोन-तीन डझन लोकांवर केलेले आणि काही महिन्यांत संपलेले असतात. आणि परिणाम अनेकदा कशावरून ठरवतात? आधी-नंतरच्या फोटोंवरून. तिथे निदान दिवे सारखे ठेवतात आणि परीक्षकाला कुठला फोटो कधीचा ते सांगत नाहीत. तेवढी शिस्त क्लिनिकच्या पानावर कोण पाळणार?

आता फाडलेल्या पानाकडे. लेसरनंतर लगेच चेहरा सुजतो. सूज आली की छिद्रांच्या कडा फुगतात आणि ती छान लहान दिसतात. लाली उतरली पण सूज थोडी उरली, अशा दिवशी काढलेला ‘नंतर’चा फोटो सगळ्यात देखणा येतो. आणि आपल्यासारख्या सावळ्या, गव्हाळ त्वचेत त्यानंतर काही आठवड्यांनी एक वेगळीच गोष्ट होऊ शकते. जिथे इजा झाली तिथे रंगद्रव्य जास्त तयार होतं आणि गालावर तपकिरी डाग उमटतात. मुरुम फोडल्यावर राहतो ना, तसाच डाग, फक्त जास्त जागेवर. बहुतेकांचा जातो, पण जायला आठवडे नाही तर महिने लागतात. हा मधला फोटो मी क्लिनिकच्या पानावर अजून पाहिलेला नाही. शोधनिबंधांत तो असतो, ‘दुष्परिणाम’ या शीर्षकाखाली, एका ओळीत.

यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं: ‘हा लेसर कलर-ब्लाइंड आहे, सगळ्या त्वचांसाठी सेफ.’ अर्ध वाक्य खरं आहे. १,५५० नॅनोमीटरचा किरण पाण्यात शोषला जातो, मेलॅनिनकडे फारसा बघत नाही. पण लेसरला रंग दिसत नसला तरी इजा त्वचेला कळतेच, आणि आपली त्वचा इजेला रंगानेच उत्तर देते. खांब किती दाट रोवले यावर डागांचा धोका बराच अवलंबून असतो. जाणकार डॉक्टर सावळ्या त्वचेसाठी दाटी कमी करतात आणि सेशन्स वाढवतात. जाहिरातीत तरंगलांबी मोठ्या अक्षरांत असते, दाटीचा उल्लेखही नसतो.

‘एशियन स्किनवर टेस्ट केलेलं’ या ओळीपाशीही थांबायला हवं. लंडनमध्ये फॉर्मवर ‘एशियन’ म्हणजे आपण: मराठी, गुजराती, पंजाबी, बांगलादेशी. लेसरवरच्या शोधनिबंधात ‘एशियन’ म्हणजे बहुतेकदा जपानी, कोरियन, चिनी. एकच शब्द अटलांटिक ओलांडताना माणसं बदलतो. विक्री करणाऱ्याला हे माहीत नसेलही, पण गाल आपला असतो.

त्वचेचे प्रकार ठरवणारी मोजपट्टीही आपल्यासाठी बनलेली नव्हती. १९७५ मध्ये थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी ती केली ती गोऱ्या रुग्णांना अतिनील किरणांचा डोस किती द्यायचा हे ठरवण्यासाठी. प्रश्न होता, उन्हात भाजता की रापता? तपकिरी आणि काळ्या त्वचेचे प्रकार नंतर शेवटी जोडले गेले. आजही फॉर्मवर तोच प्रश्न येतो आणि आपल्यातले बरेच जण अडतात, कारण घरी कोणी ‘भाजलास’ असं म्हटलेलंच नसतं. ‘काळी पडलीस’ एवढंच ऐकलेलं असतं.

छिद्रहीन चेहरा दाखवणं ही दिशाभूल ठरू शकते, हे ब्रिटनमध्ये अधिकृतपणे मान्य झालेलं आहे. २०११ मध्ये खासदार जो स्विन्सन यांच्या तक्रारीवरून तिथल्या जाहिरात नियामक संस्थेने ज्युलिया रॉबर्ट्सची लँकोमची फाउंडेशनची जाहिरात थांबवली. फोटोत किती हात फिरवलाय आणि क्रीमने किती काम केलंय, हे कंपनीला दाखवता आलं नाही. २०२१ मध्ये त्याच संस्थेने इन्फ्लुएन्सर्सना सांगितलं की सौंदर्यप्रसाधनाचा परिणाम फुगवून दाखवणारा फिल्टर जाहिरातीत चालणार नाही. त्यामागे मेकअप आर्टिस्ट साशा पलारी हिची मोहीम होती. दोन्ही वेळा प्रश्न फोटोवरच्या कारागिरीचा होता. लेसरच्या जोडीत फोटो अस्सल असू शकतो, एकही पिक्सेल न बदललेला. तारीख तेवढी निवडलेली असते.

क्लिनिकमधलं एक यंत्र मला या सगळ्याहून जास्त खटकतं. त्यात हनुवटी टेकवून बसायचं, ते चेहऱ्याचे वेगवेगळ्या उजेडात फोटो काढतं आणि पडद्यावर सुरकुत्या, डाग, छिद्रं असे विषयवार गुण दाखवतं, तुमच्याच वयाच्या लोकांशी तुलना करून. दहावीच्या निकालासारखं. आपण मार्कांवर वाढलेली पोरं. छिद्रांत ३४ पडलेत म्हटल्यावर क्लास लावायला तयार होतोच. उपचाराआधी आणि नंतर एकाच उजेडात तुलना करायला यंत्र उत्तम आहे. पण पहिल्याच भेटीत, काहीही करायच्या आधी दाखवलेले गुण विक्रीसाठी असतात. समोर बसून बोलणाऱ्या माणसाला यातलं जवळपास काहीच दिसत नाही.

मोठी छिद्रं खुपणाऱ्यांची चेष्टा करायची नाही. झूमवर दिवसाचे आठ तास स्वतःचंच तोंड बघणाऱ्या पिढीला ती खुपणारच. सनस्क्रीन आणि रेटिनॉइड हे स्वस्त, कंटाळवाणे उपाय आधी करून बघावेत. त्यांचे देखणे फोटो फारसे कोणी टाकत नाही. मुरुमांचे खोल व्रण असतील तर हिशोब वेगळा, तिथे हेच लेसर बरंच काही देऊन जातं.

पण सध्या आपल्यात जे वाढलंय ते वेगळं आहे: डिसेंबरमध्ये लग्नासाठी भारतात जायचं, तिथे लेसर निम्म्याहून स्वस्त, म्हणून मेहंदीच्या आधी एक सेशन बसवायचं. पार्लरमधलं ‘हॉलीवूड पील’ असो की क्लिनिकमधलं फ्रॅक्शनल, वेळापत्रक तेच. आता ते मांडून बघा. सेशन आठ तारखेला. हळद बारा तारखेला, भर दुपारी, अंगणात. लग्नात सूज असताना चेहरा मस्त दिसतो, सगळे विचारतात काय केलंस. वीस तारखेला परतीचं विमान. डाग उमटलेच तर ते जानेवारीत, ओव्हरकोट घालून ऑफिसला जाताना, आणि ज्यांनी लेसर केलं ते सात हजार किलोमीटरवर. जबड्याखाली किंवा कानासमोर एक छोटा ठिपका आधी करून बघतात, ती टेस्टही काही आठवडे थांबल्याशिवाय आपल्या त्वचेबद्दल पुरेसं सांगत नाही. बारा दिवसांच्या सुट्टीत ती बसत नाही.