सब्र म्हणजे मुकेपण नव्हे

हॅरॉल्ड कुशनर हे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातले यहुदी धर्मगुरू. त्यांचा मुलगा अ‍ॅरन तीन वर्षांचा असताना त्याला प्रोजेरिया असल्याचे कळले. या आजारात मूल बालपणीच म्हातारे दिसू लागते. ‘पा’ (2009) या हिंदी चित्रपटाने आपल्याकडे या आजाराची ओळख करून दिली. अ‍ॅरन 1977 साली, वयाच्या 14व्या वर्षी गेला. त्यानंतर चार वर्षांनी, 1981 मध्ये, कुशनर यांचे ‘व्हेन बॅड थिंग्ज हॅपन टू गुड पीपल’ हे पुस्तक आले.

पुस्तकाचे मोठेपण असे की, ते आई-बापांच्या डोक्यावरचे गुन्ह्याचे ओझे उतरवते. आजारी मुलाच्या घरी विचारपूस करायला येणारे आपल्याकडेही ‘कुणाच्या तरी गुनाहाची सजा’ असे सहज बोलून जातात. कुशनर म्हणतात, निसर्गाचे नियम माणूस पाहून चालत नाहीत. 2003 साली प्रोजेरियाचे मूळ एका जनुकातील बदलात सापडले. तो बहुधा आई-वडिलांकडून आलेला नसतो, आपोआप घडतो.

मात्र पुढे त्यांचा निष्कर्ष आम्हांला पटत नाही. हजरत अय्यूब (अ.) यांच्या कथेची बायबलमधील मांडणी तपासून ते म्हणतात, ईश्वर दयाळू आहे, पण सर्वशक्तिमान नाही. बापाचे दुःख आम्ही समजू शकतो. परंतु दया वाचवण्यासाठी सामर्थ्य कमी करण्याची गरज आम्हांला दिसत नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांचा मुलगा इब्राहीम तान्हेपणी वारला, त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणाले, इब्राहीमच्या मृत्यूमुळेच हे झाले. प्रेषितांनी (स.) स्पष्ट सांगितले की, कुणाच्या जगण्यामरण्यामुळे ग्रहण लागत नाही, सूर्य-चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत. कुशनर यांना हवा असलेला निसर्गनियम इथे आहे आणि अल्लाहचे सामर्थ्यही अबाधित आहे. त्याच इब्राहीमसाठी प्रेषितांच्या (स.) डोळ्यांत पाणी आले होते, हेही विसरू नये. कुरआनातील हजरत याकूब (अ.) मुलाच्या विरहात डोळे पांढरे होईपर्यंत झुरले, तरी त्यांच्या सब्राला उणेपण आले नाही. आपल्या मजलिसींत मात्र ‘रडू नका, सब्र करा’ असे सांगून आईला गप्प केले जाते.

पुस्तकातील एक कबुली आम्हांला फार खरी वाटली. मुलाच्या आजाराने आपण अधिक संवेदनशील झालो, पण मुलगा परत मिळत असेल तर हे सारे क्षणात देऊन टाकू, असे कुशनर लिहितात. दुःखाला दागिना न बनवणारा हा प्रामाणिकपणा आपल्या धार्मिक लेखनात क्वचित भेटतो.

2020 साली प्रोजेरियावरील लोनाफार्निब या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. ते आयुष्य काही वर्षे वाढवते, आजार मिटवत नाही. अशा मुलाच्या आई-बापांची उमेदही याच मापाची असते: आजची दवा, आजची दुआ, आजचे हसणे. तिला कमजोर ईमान समजणाऱ्यांनी हे पुस्तक जरूर वाचावे. त्याच्या निष्कर्षाशी वाद घालावा, पण वाचावे.