विस्तारित मेजर स्वरसंघाचे उपयोजन : ‘द गर्ल फ्रॉम इपानेमा’च्या संदर्भात

पाश्चात्त्य स्वरसंवादाच्या प्राथमिक विवेचनात षड्ज-गांधार-पंचम हा मेजर स्वरसंघाचा गाभा, तर त्यावर रचलेले शुद्ध निषाद (सातवा), वरच्या सप्तकातील रिषभ (नववा) आणि धैवत (तेरावा) हे केवळ अलंकरण मानले जाते. ही विभागणी अध्यापनास सोयीची असली तरी आस्वादास अपुरी पडते. ब्राझीलचे संगीतकार आंतोनियो कार्लोस जोबिम यांची १९६२ मधील ‘द गर्ल फ्रॉम इपानेमा’ ही बोसा नोव्हा रचना या दृष्टीने तपासण्याजोगी आहे.

या गीताची पहिली ओळ मेजर सप्तम स्वरसंघावर उभी असून तिची चाल रे, नि, ध या तीनच स्वरांत फिरते. गाभ्याचा एकही स्वर गायला जात नाही. यमनात षड्ज वगळून ‘नि रे ग’ असा उठाव घेणाऱ्या गायकास ही तरलता अपरिचित वाटणार नाही. तथापि तेथे तानपुऱ्याचा षड्ज अढळ असतो. येथे आधारच सरकतो. दुसऱ्या ओळीत तेच स्वर कायम राहतात, मात्र स्वरसंघ रिषभावर जातो. परिणामी मूळचे रे-नि-ध हे आता सा-ध-प होतात आणि मूळ षड्ज साथीतील कोमल निषाद बनतो. चाल न बदलता अर्थ बदलतो, तो असा. मधल्या भागाच्या आरंभी स्वरसंघ कोमल रिषभावर सरकतो व मूळ षड्जच दीर्घ धरला जाऊन त्याचा निषाद ठरतो. हे जोबिम यांचे खरे धाडस होय.

नवशिक्यांसाठीच्या सुलभ आवृत्त्यांत सातवा स्वर गाळून साधा त्रिस्वरी संघ दिला जातो. सौजन्य म्हणून हे क्षम्य असेलही. परंतु त्यामुळे गायलेला प्रत्येक स्वर साथीबाहेर पडतो आणि स्वरसंघ व चाल यांतील नाते तुटते.

अर्थात सर्वच विस्तार सारखे नसतात. अकरावा स्वर, म्हणजे शुद्ध मध्यम, खालच्या गांधाराशी खटकतो. म्हणून मेजर संघात बहुधा तीव्र मध्यम योजला जातो. निवडीचा प्रश्न गिटारवर अधिक तीव्र होतो. बोसा नोव्हाच्या वादनात अंगठा खर्जाचा स्वर आणि तीन बोटे वरचे स्वर छेडतात. एका वेळी चारच स्वर हाती लागतात. नववा वा तेरावा स्वर घ्यावयाचा असल्यास बहुधा गाळला जातो तो पंचम, गाभ्यातला.